प्रश्नावली क्रमांक एकोणचाळीस

सकाळी उणे एकतीस.
पेनातली शाई गोठू नये म्हणून पेन काखेत धरून
मी वसतिगृहाच्या कोठीत बसते,
पिठाच्या पोत्यांना पाठ टेकून.
चाळीस मुलं, चाळीस प्रश्नावल्या,
प्रत्येकीत पंचवीस वाक्यं
आणि प्रत्येक वाक्यापुढे चार चौकोन:
कधीच नाही. क्वचित. पुष्कळदा. नेहमी.

एकोणचाळिसावा ल्हाग्वा.
वय सात. घर इथून नव्वद किलोमीटर,
म्हणजे मागच्या महिन्यात होतं;
कळपामागे घर हलतं त्यांचं,
आत्ता कुठे असेल ते पत्त्याच्या रकान्यात मावत नाही.
सप्टेंबरपासून तोंडातून चकार शब्द नाही.
'मुका नाहीये, बकऱ्यांना नावानं हाका मारतो,'
असं त्याचा बाप निघताना सांगून गेला होता.
शिक्षिकेचा शेरा: वर्गात त्रास देत नाही.
हाच शेरा तेवढा
मला रात्रभर टोचला.

मी वाचते: मला रात्री लवकर झोप लागते.
तो शेगडीकडे बघतो.
मी वाचते: मला मित्र आहेत.
तो शेगडीकडे.
पुस्तिकेत लिहिलंय, सात सेकंद थांबावं.
मी सात थांबते, मग सतरा,
मग मोजायचं विसरते.
शेगडीत शेण्या तडकतात,
बाहेर कुणीतरी बर्फ फोडतंय.

नोर्जमा पीठ न्यायला येते,
माझ्याकडे न बघताच म्हणते,
'बुटात हात घालू दे की त्याला.'

बुटातून निघतं मेंढीच्या घोट्याचं हाड,
हाताळून हाताळून पिवळं झालेलं.
तो ते माझ्या कागदावर ठेवतो.
घोडा, नोर्जमा म्हणते.
पुढच्या वाक्याला उंट.
मग मेंढी. मग पुन्हा मेंढी. मग बकरी.

चार चौकोन, चार बाजू.

मला वाटलं, फासे टाकतोय, नशिबावर सोडतोय सगळं.
नाही. तो टाकत नव्हता, ठेवत होता.
बोटांनी वळवून, कधी उचलून,
एकदा तर मागच्या उत्तराकडे परतून
ते बदलूनसुद्धा.
मी शहरात सातव्या मजल्यावर वाढलेली,
मला घोडा आणि उंट यांतला फरक कळेना.
नोर्जमा पीठ चाळता चाळता लांबूनच सांगत गेली
आणि मी, एवढी शिकलेली,
तिच्या तोंडाकडे बघून लिहीत गेले.

'मला घरची आठवण येते.' उंट.
'मला शाळेत यायला आवडतं.' उंट.
आता हा उंट म्हणजे नेहमी, की कधीच नाही?
विचारलं मी. तीनदा विचारलं.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं आपण पाहतो
रस्त्यात उभं राहून रस्ता विचारणाऱ्याकडे.

चोविसावं वाक्य: मी सांगतो ते कुणीतरी ऐकतं.
हाड मुठीत राहिलं.
मग त्यानं ते उभं केलं, टोकावर.
पडलं.
पुन्हा उभं केलं, जीभ दातांत धरून, श्वास रोखून.
पडलं.
नोर्जमाची चाळणी थांबली.
'ओंख म्हणतात त्याला,' ती हळूच म्हणाली,
'सपाट जागी राहत नाही कधी.'
त्यानं पोत्याजवळचं सांडलेलं पीठ
तळहातानं गोळा केलं, कागदावर ढीग केला
आणि त्यात ते रोवलं.

राहिलं.

पाचवा चौकोन माझ्याकडे नाही.
उत्तर न मिळाल्यास नव्व्याण्णव लिहावं, असा नियम आहे.
मी लिहिलं, पेन्सिलीनं, फार दाबून नाही.
पंचविसावं वाक्य वाचलंच नाही, ते राहून गेलं.

अहवालासोबत मागणीपत्र जोडलंय:
घोट्याची हाडं, पन्नास. मैदा, अर्धा किलो.
लेखा विभागाचा उलट निरोप आलाय:
खर्चाचं प्रयोजन स्पष्ट करावं.

कागदाच्या घडीत अजून थोडं पीठ आहे.
झटकायला हवं.